काळ्या झिलईवरचं पाणी

लाकडाला झिलई देणं ही साधना आहे. तिथे घाई चालत नाही, अहंकार चालत नाही, हाताआधी मन स्थिर व्हावं लागतं. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. मुख्यतः कपाट कधी मिळणार असं विचारायला आलेल्यांना. एवढं ऐकलं की माणूस मान हलवून परत जात असे, आणि मी जेवायला बसत असे.

तरी हात चांगला होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तारोडीत परत येऊन सुतारकामाचं दुकान मांडण्यापूर्वी मी मुंबईत पियानो दुरुस्तीच्या एका कारखान्यात काही वर्षं नुसती काळी झिलई केली होती. आमच्या गावात पियानो नव्हता. दारं, देवळातले बाक, होड्यांच्या फळ्या, एवढंच काम यायचं. होडीला आरशासारखी चमक आणली म्हणून मासे जास्त लागत नाहीत, त्यामुळे माझी विद्या पडून होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत माझा मावसभाऊ विजेच्या गिटारीचं काम घेऊन आला. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनं वाजवायची हवाईयन गिटार तो मुंबईत शिकला होता. एका हॉटेलच्या बँडमध्ये त्याला जागा मिळणार होती, पण गिटार विजेची आणि स्वतःची हवी, अशी बँडमास्तरची अट होती. परदेशी माल येणं तर बंदच झालेलं. त्याचे वडील समुद्रात मासेमारीला गेले ते परतले नव्हते, आणि त्यानंतर मावशीचं सगळं याच एका मुलावर होतं. ही जागा हुकली तर त्याला भाईंदरच्या मिठागरावर फावडं धरावं लागणार होतं.

"दादा, वाजवायचं माझ्यावर सोड," तो म्हणाला. "मास्तर म्हणतोय आवाज मग बघू, आधी दिव्याखाली चमकली पाहिजे."

आवाजाआधी चमक बघणारा हा मास्तर मला न भेटताच आवडला.

विजेच्या गिटारीला पोकळ पोट लागत नाही. आवाज तारांखालच्या चुंबकातून जातो. तो चुंबकाचा डबा मुंबईच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं करून दिला. बाकी लाकूड माझं. चांगली वाळलेली शिवणीची फळी घेतली, कारण शिवण हलकी असते आणि पावसाळ्यात अंग फुगवत नाही. डब्यासाठी आणि वायरीसाठी पटाशीनं खाच पाडली. तारांखालची पट्टी शिसवीची केली. ती रंध्यानं इतकी सपाट केली की तिच्यावर ताणलेल्या दोऱ्याखालून उजेड दिसत नव्हता. घासायचे कागद बाजारातून गायब झाले होते, म्हणून मुशी माशाची वाळवलेली कातडी वापरली. ती एका दिशेनं मऊ आणि उलट दिशेनं कानशीसारखी असते. फक्त आधी रिठ्यानं धुवावी लागते. पहिल्या तुकड्याच्या वेळी मी ते विसरलो, आणि आठवडाभर एक मांजर गिटारीजवळून हलेना.

मग झिलई. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, त्यात काजळी मिसळायची, आणि मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा तेलाच्या एका थेंबावर गोल गोल फिरवत राहायचं. बोळा थांबला की तिथलं पॉलिश उपटलं जातं. हात द्यायचा, सुकू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर मी शेवटचे हात दिले. गिटार अशी झाली की तिच्यात बघून दाढी करता आली असती. मी एकदा केलीही.

गावातले लोक बघायला येत.

"हिला पोट न्हाय," एकजण म्हणाला.

"तुझं दे काढून," दुसरा म्हणाला.

वाजवून दाखवणं शक्य नव्हतं. वीज मुंबईत होती. आमच्याकडे तार छेडली तर मांडीवर घेऊन बसलेल्यालाच काय ते ऐकू यायचं.

भाऊ सोमवारी निघणार होता. आदल्या दिवशी आमच्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, फादर किनाऱ्यावर होड्यांना आशीर्वाद द्यायला आले. मावशीनं त्यांना तिथून थेट माझ्या दुकानात आणलं. मागून गावचे एक वडीलधारे आले, आणि त्यांच्या मागून निम्मी तारोडी.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. घरातली नवी होडी पवित्र पाण्याशिवाय समुद्रात जात नाही. आता घराची होडी म्हणजे ही गिटार.

मी तिला समजावलं. लाख हाताला कोरडी लागते, पण आतून कडक व्हायला तिला दोन-तीन आठवडे जातात. तोवर पाणी पडलं की पांढरा डाग उठतो. "त्यापेक्षा पेटीला आशीर्वाद द्या," मी म्हणालो. गिटारीची पेटीही मीच केली होती.

"नोकरी पेटीला लागनार हाय का?" मावशी म्हणाली.

फादर समंजस होते. "किती पाणी चालेल?" त्यांनी मला विचारलं.

"थेंबभर, फादर. तोही मागच्या बाजूला."

"होडीला मी बादलीभर मारतो."

"थेंबभर पानी मारा, म्हंजी थेंबभर पगार मिळंल," मावशी म्हणाली. यावर धर्मशास्त्रात उत्तर असेल, पण फादरांनी पाण्याचं भांडं पुढे ओढलं.

मग वडीलधाऱ्यांनी भाषण केलं. तारोडीत आज विजेचं युग आलं, असं ते म्हणाले. त्यांच्या घरात रॉकेलची चिमणी होती. माझ्याही. भाषण संपल्यावर फादरांनी प्रार्थना म्हटली आणि हिरव्या पानांची जुडी पाण्यात बुडवून झटकली. होड्यांची सवय असलेला हात तो. पाणी गिटारीवर पडलं, माझ्यावर पडलं, वडीलधाऱ्यांच्या टोपीवर पडलं. सगळे "आमेन" म्हणाले. मी कापडानं टिपायला धावलो, तर मावशीनं माझं मनगट धरलं.

"आपोआप सुकू दे."

ते आपोआप सुकलं. काळ्या आरशावर पांढरे डाग उमटले, मोठे, लहान, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भावाचा चेहरा त्याहून पांढरा झाला.

मी मात्र घाबरलो नव्हतो. असे डाग मी पियानोवरून कितीदा काढले होते. बोळ्याला स्पिरिटचा नुसता वास लावायचा आणि अलगद फिरवायचा, पाण्याचा पत्ता राहत नाही. बाटलीचं बूच काढलं आणि मावशीला वास गेला.

"ही दारू हाय."

"स्पिरिट आहे, मावशी. पिण्याचं नाही."

"देवाचं पानी दारूनं पुसतोस?"

मी फादरांकडे बघितलं. फादर किनाऱ्याकडे बघत होते, तिथे अजून होड्या बाकी होत्या.

"तुझी गिटार आहे, तू सांग," मी भावाला म्हणालो.

त्यानं गिटार पेटीत ठेवली. मग म्हणाला, "दादा, मास्तर नाय म्हणाला तर एका दिवसात परत येईन. आईला दुखवून गेलो तर परत कुठं येऊ?" आणि त्यानं पेटीचं झाकण लावलं.

सोमवारी तो गेला. मंगळवारी आला नाही, बुधवारीही नाही. मावशी रोज देवळात मेणबत्ती लावत होती. मी बाटलीला बूच लावून ठेवलं होतं आणि त्या मास्तरला डाग कारागिरीच्या भाषेत कसे समजावता येतील याची वाक्यं जुळवत होतो.

काही आठवड्यांनी तो आला तो पांढरा कोट घालून. जागा मिळाली होती.

"डाग पुसलं न्हाय ना कुनी?" मावशीनं आधी हेच विचारलं.

"नाय, आई. हायेत तसेच."

"बघ," मावशी मला म्हणाली.

मी त्याला बाजूला घेऊन मास्तर काय म्हणाला ते विचारलं. मास्तरनं गिटार उलटसुलट बघितली होती, दोन गाणी वाजवून घेतली होती आणि चालेल म्हणून सांगितलं होतं. डागांबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. त्या बँडचे कोट पांढरे होते, ढोल पांढरा होता, खुर्च्या पांढऱ्या होत्या. त्याच दुपारी हॉटेलच्या खिडक्या रंगवणाऱ्यानं गिटारीला पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. ब्रशचे काही केस त्यात अजून आहेत.