कशावरून, सर?

"कशावरून, सर?" असे विचारताना बाई कानामागची पेन्सिल काढत आणि उत्तर मिळेपर्यंत कागदावर टेकवून धरत. ‘सगळेच म्हणतात’ असे उत्तर आले, की पेन्सिल काही न लिहिता कानामागे परत जाई. असे सहकारी तुम्हीही पाहिले असतील. ते फारसे चुकत नाहीत, म्हणूनच खुपतात.

मोशीतल्या आमच्या शाळेत त्या तासिका तत्त्वावर इतिहास शिकवीत. मूळच्या लातूरकडच्या; यजमान महाळुंग्याला कंपनीत. दर जूनमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावले, तरच त्यांचे तास पुढे चालू राहत.

त्या वर्षी आम्ही तिघा शिक्षकांनी सनावळ्या बाजूला ठेवून एकेका विषयाभोवती इतिहासाचे पाठ बांधायचे ठरवले. पहिला विषय ‘काम’. मुलांनी घरातले एक अवजार आणायचे आणि विळ्यापासून कंपनीतल्या पान्यापर्यंत सारी काळाच्या क्रमाने वर्गात मांडायची, ही कल्पना माझी, जुनीच. तिचा मला अभिमान होता, असे आज सौम्य शब्दांत म्हणतो.

पाठांच्या सामाईक वहीत बाईंनी लाल रेघ मारून एक रकाना पाडला: ‘कशावरून’. कोणती गोष्ट कुणाकडून कळली, ते तिथे लिहायचे.

"बाई, तुमी लग्नाच्या पत्रिकेलाबी पुरावा मागाल!" तिसरे शिक्षक म्हणाले. ते मोशीचेच.

"मागायला पाहिजे होता, भाऊ. मुलगा पर्मनंट आहे म्हणाले होते."

मीही हसलो. पण बाई वही घरी नेत, हे मला हळूहळू आवडेनासे झाले.

दिवाळीनंतरच्या प्रशिक्षणात चाकणच्या एका शिक्षकांनी अवजारांचा पाठ सादर केला. विळा ते पाना, तोच क्रम. माझे कान तापले. जेवणाच्या सुट्टीत बाई त्यांच्याशीच बोलताना, वहीत काही टिपताना दिसल्या. मला तेवढे पुरले.

"आपली वही बाईंकडून बाहेर जाते आहे," मी मुख्याध्यापकांना म्हणालो. माझा आवाज मुळातच हळू; त्यामुळे तो खरा वाटतो. त्यांनी ‘कशावरून’ असे विचारले नाही. जूनमध्ये बाईंना बोलावणे गेले नाही.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती वही निघाली. अवजारांच्या पाठापुढे, लाल रकान्यात, बाईंचे बारीक अक्षर: ‘कल्पना सरांची. मागच्या वर्षीच्या प्रशिक्षणात चहाच्या वेळी सरांनीच चाकणच्या शिक्षकांना सांगितली होती. त्यांना विचारून खात्री केली. पुढच्या वेळी सरांचे नाव घ्या, असे सांगितले आहे.’

मला तो चहा आठवला. "वा, सर!" म्हणणारा समोरचा चेहराही आठवला.

मी फोन केला. बाई आता महाळुंग्याच्याच एका कारखान्यात तयार भाग तपासतात.

"बाई, तुमचे तास माझ्यामुळे गेले."

पलीकडून, नेहमीच्याच स्वरात:

"कशावरून, सर?"

मी ते पान वाचून दाखवले. मग मुख्याध्यापकांपाशी बोललेले माझे वाक्यही, शब्द न बदलता, सांगितले. तिकडे शिफ्टचा भोंगा झाला.

"लिहून ठेवा, सर," त्या म्हणाल्या. "आत जावं लागतंय."

त्यांच्या अक्षराखाली दोन ओळींची जागा होती. तिथे मी लिहिले: ‘सरांनी बाईंना विचारले नव्हते.’