समईभोवतीचं कडं

कुंभकोणमला पितळेच्या समया विकणारे मुकुंदराव तेजाला कंटाळलेले आहेत. दुकानात ते फळीवर रांगेनं उभं असतं आणि चिंच लावून घासावं लागतं.

त्यांच्या घरी शनिवारी विठोबाचं भजन असतं. मधोमध समई ठेवून मंडळी तिच्याभोवती फेर धरते. गेल्या मार्गशीर्षात बायकोला, जयलक्ष्मीबाईंना, ज्योतीभोवती रंगीत कडं दिसलं. त्यांनी ते सांगितलं, तेव्हापासून बायका त्यांच्या पाया पडतात. भजनाची समई घासण्याचं कामही मानानं त्यांच्याकडून काढून घेतलं. डोकं फार दुखतं, असंही त्या म्हणत. कृपा सोसत नाही, असा अर्थ सर्वांनी लावला. मुकुंदरावांनीही तोच लावला, नवा लावायचं त्राण नव्हतं.

मग आपल्या चर्चसाठी प्रभावळ हवी म्हणून ख्रिस्ती धर्मगुरू अमलराज दुकानात आले. ज्वाळांची प्रभावळ पाहून म्हणाले, "अशी नको. हिब्रूत एक शब्द आहे, नोगह. देवाभोवतीचा उजेड. यहेज्केल संदेष्ट्याला तो दिसला. पावसाच्या दिवशी ढगात इंद्रधनुष्य असतं तसा."

"म्हणजे रंगीत?"

"इंद्रधनुष्य म्हटल्यावर."

"त्याचं डोकं दुखायचं का, फादर?"

"तसं लिहिलेलं नाही. तो पालथा पडला, एवढं आहे."

"आमच्या हिलाही ज्योतीभोवती तसं कडं दिसतं. परवा उंबऱ्यावर पडली. कडेचं दिसलं नाही म्हणते."

फादरांच्या आईचे डोळे असेच गेले होते. ते म्हणाले, "प्रभावळ राहू दे. आज डॉक्टरकडे न्या."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. रोज थेंब घालायचे, नाहीतर दृष्टी जाईल. जयलक्ष्मीबाईंनी बाटली देव्हाऱ्यामागे ठेवली.

"थेंब घातले की कडं जाणार म्हणे. विठोबाला मी आपल्या हातानं घालवू?"

मुकुंदराव दिवसभर घासून आले होते. खुर्चीत बसत म्हणाले, "फादर सांगतात, ते नुसतं भोवतालचं. देव मधे. कडं गेलं तर तो कुठं जातोय?"

"ख्रिस्तावांना विठोबाचं काय ठाऊक?"

"काही नाही. डोळ्यांचं ठाऊक आहे."

बाई बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिल्या.

"शनिवारचं भजन होऊ द्या. मग घाला."

"आत्ता."

बाईंनी मान मागं टाकली.

आता ज्योत म्हणजे नुसती ज्योत दिसते. कड्याबद्दल विचारायला आलेल्या बायकांना त्यांनी तसं सांगितलं. पाया पडणं थांबलं. भजनाची समई घासायला पुन्हा त्यांच्याकडे आली आहे.