गरब्याचे स्नायू

माणसाकडे पायांपासून बघायला सुरुवात करणारे गृहस्थ अख्ख्या बडोद्यात एकच आहेत, आणि ते माझ्या मावशीचे यजमान आहेत. काकांनी आयुष्यभर कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यातही स्नायू हा त्यांचा खास प्रांत. हृदय, मेंदू वगैरे मंडळी त्यांच्या मते उगाच भाव खाऊन गेलेली. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. "तलवारी गेल्या, पोटऱ्या राहिल्या," असं ते अभिमानाने सांगतात आणि पुरावा म्हणून लेंगा वर करतात. त्यांच्याबरोबर लग्नाच्या रिसेप्शनला जाणं तर फार जोखमीचं. एकदा त्यांनी नवरीच्या वडिलांना हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवायला सांगितलं. त्या भल्या माणसाला वाटलं, हाही एखादा विधी असेल. ते उठले, पण खुर्चीसकट. आहेराचं पाकीट त्यांच्या हातात देत काका म्हणाले, "मुलीची काळजी सोडा, मांड्यांची करा."

काकांचं म्हणणं असं, की स्नायूइतकी मतलबी वस्तू अंगावर दुसरी नाही. शरीर त्याला रात्रंदिवस थोडं बांधत असतं आणि थोडं मोडत असतं. ओझं उचललं, डाळ-दूध पोटात गेलं, की बांधणारे जोरात. लोळत पडलं की मोडणारे जोरात. आणि वय झालं की बांधणाऱ्यांना हाकही जरा मोठ्याने मारावी लागते. म्हणून मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत कुणी लिफ्टपाशी उभं दिसलं की काका मुकाट्याने जिन्याकडे बोट दाखवतात. कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटरने निघालेल्या माणसाकडे तर ते सरळ चावीच मागतात. मावशीला पुरेसं प्रथिन मिळावं म्हणून शेजाऱ्यांच्या शाकाहारी नजरा चुकवून ते औषधाच्या पिशवीतून अंडी आणतात, वर देखाव्याला खोकल्याची बाटली. सोसायटीचा समज असा, की काकांचा खोकला काही केल्या बरा होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी लगेच वॉकर धरून उभं केलं आणि रोज चालवा असं बजावून घरी पाठवलं. घरी मात्र सोसायटीची माया आडवी आली. आपल्याकडे आजारी माणसाला हलू न देणं हीच सेवा. शेजारची एक बेन पाण्याचा पेला ओठांशी धरी, दुसरी पाय चेपी, तिसरी चमच्याने शिरा भरवी. जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेली मावशी या कौतुकाने सुखावून पडून राही. काका दारात पहारा देऊ लागले. भेटा, पण तिच्या हातात काही देऊ नका, असं ते येणाऱ्याला सांगत. मावशीचा चहा मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवत, वर्तमानपत्र बाल्कनीत. शेवटी समोरच्या बेननी हात जोडले, "काका, मासीने आराम करवा दो ने."

"आराम ज एने खाई जशे," काका म्हणाले. आरामच तिला खाऊन टाकेल, म्हणे.

झालं. बायकोला छळणारा नवरा म्हणून त्यांची कीर्ती फाटकापर्यंत पोचली. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग आला होता. पण मावशीची डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झालेली मला दिसत होती, आणि काकांना तर ती झोपेतही दिसत असणार.

एका दुपारी मी तिथेच होतो. मावशीने वॉकर ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. "माझं चालणं संपलं," ती म्हणाली. "आता मला उठवू नका."

काकांनी वॉकर पुन्हा पुढे केला नाही. हे मी प्रथमच पाहत होतो. मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि वर्गात बोलावं तशा ठाम आवाजात म्हणाले, "दांडिया बाजारातल्या माहेरी परकर नेसायचीस तेव्हापासून तू गरबा खेळलीस. कमावलेल्या स्नायूत जास्तीची केंद्रकं येतात. ती म्हणजे कारागीर समज. स्नायू झिजला तरी ते सोडून जात नाहीत, कामाची वाट बघत बसतात. तू नुसती उभी राहा, पुढचं त्यांना येतं. हे सिद्ध झालेलं आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

संध्याकाळी मावशीने आपणहून वॉकर मागितला. त्यानंतर ती रोज चालली. कुरकुरत, रडत, काकांना बोल लावत, पण चालली. नवरात्रात सोसायटीच्या चौकात आरती झाल्यावर ती काठी घेऊन रिंगणाच्या कडेला उभी राहिली. गरबा सुरू झाला तशी काठी समोरच्या बेनकडे देऊन तिने टाळी दिली, एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे घेतलं. बेन डोळे पुसत होत्या. मी खुर्चीत बसलेल्या काकांजवळ सरकलो.

"काका, तुमचे कारागीर पावले," मी म्हणालो.

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते उंदरांत दिसलंय. माणसांच्या बाबतीत अजून वाद चालू आहे. तिला बोलू नकोस."

पुराव्याशिवाय एक वाक्य बोललं तर विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढणारा हा माणूस.

"मला भीती वाटली रे," ते म्हणाले.

गाणं थांबलं. मावशी काठी टेकत आमच्याकडे येऊ लागली. डावा पाय अजून थोडा मागे राहत होता, आणि तो आता तसाच राहणार हे तिथे काकांइतकं कुणालाच कळत नव्हतं. ते उठले आणि आपली खुर्ची त्यांनी तिच्यासाठी पुढे सरकवली.