गप्प बसा काका

पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढून साहेब निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांना चार वाक्यंही धड बोलता आली नव्हती. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. रस्त्यावर उभं राहून जमिनीखालची कुठली पाइपलाइन कुठं वळते हे ते डोळे मिटून सांगत, पण चार माणसांसमोर उभं केलं की आपल्या हातांचं काय करायचं हेच त्यांना सुचत नसे. अशा माणसाला पुढं सगळं शहर ओळखायला लागलं, तेही त्याच्या बोलण्यामुळं. त्याची ही हकीकत.

निवृत्तीनंतरही साहेबांचं ऑफिसशी नातं तुटलं नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण अभियंता आता त्यांच्याच खुर्चीवर बसत होता. कुठं गळती दिसली की साहेब त्याला फोन करायचे, "अरे, दवाखान्यासमोर रस्ता ओला दिसतोय, बघ जरा." दोन दिवसांत तिथं खड्डा खणलेला असे. ना अर्ज, ना विनंती. साहेबांना तेवढं पुरे होतं.

पूर्वेकडच्या वस्तीचं प्रकरण मात्र फोनवर भागणारं नव्हतं. तिथली पाइपलाइन साठ वर्षांची, बिडाची, आणि थेट गटाराला चिकटून गेलेली. सांधे झिजलेले. पाणी सुरू असताना काही बिघडत नसे. पण पाणी बंद झालं की पाइप रिकामा व्हायचा आणि त्या झिजलेल्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जायचं. दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी तेच. गल्लीत घराघरांत पोटं बिघडायला लागली, काविळीचे पेशंट निघाले. त्यात चावीवाल्याची बायकोही होती. चावीवाला म्हणजे रस्त्यातल्या चाव्या फिरवून भागाभागांत पाणी सोडणारा माणूस. बावीस वर्षं त्यानं साहेबांच्या हाताखाली काम केलं होतं, आणि त्याचं घर त्याच गल्लीत.

"साहेब, मी ती चावी पूर्ण बंद करतच नाही हल्ली," तो एकदा घरी येऊन हळूच म्हणाला. "पाव फेरा उघडी ठेवतो. पाइप भरलेला राहतो, मग घाण आत येत नाही."

"बरोबर करतोयस. पण कुणाला बोलू नकोस."

दोनशे चाळीस मीटर पाइप बदलायचा, एवढंच खरं काम होतं. साहेबांनी तरुण अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, फाइल वर गेलीय. महिनाभर कळ काढा." महिना गेला, दुसरा निम्मा सरला. साहेबांचा जीव वरखाली व्हायला लागला. आणि नेमका त्याच आठवड्यात चॅनेलवरून एका मुलीचा फोन आला. चर्चेला माणसं जमवणं हे तिचं काम. "सर, दूषित पाण्यावर आज सात वाजता चर्चा आहे. तुम्ही तज्ज्ञ म्हणून याल का?"

साहेबांना वाटलं, देवच पावला.

दुपारभर त्यांनी तयारी केली. पुठ्ठ्यावर पाइप, गटार, सांधे असं चित्र काढलं, बाणाबाणांनी पाणी कुठून कुठं जातं ते दाखवलं. बायकोला समोर बसवून घड्याळ लावलं. अडीच मिनिटांत सगळं सांगून झालं.

"मलासुद्धा कळलं," बायको म्हणाली. "म्हणजे कुणालाही कळेल."

चॅनेलचं ऑफिस फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. आत एवढी थंडी की साहेबांनी खिशातल्या रुमालाची घडी गळ्याशी धरली. तोंडाला पावडर फासली, कॉलरला माइक अडकवला, पुठ्ठा मात्र काढून घेतला. "चमकतो सर, कॅमेऱ्याला त्रास होतो." समोर सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते, विरोधी पक्षाच्या प्रवक्त्या, आणि दाढीवाले एक राजकीय विश्लेषक. हे विश्लेषक आदल्या दिवशी परराष्ट्र धोरणावर बोलले होते, त्याच्या आदल्या दिवशी परीक्षांच्या निकालावर.

सूत्रसंचालकानं साहेबांकडं वळून विचारलं, "तुम्ही सांगा, याला जबाबदार कोण? आत्ताचे की आधीचे?"

"हे पाहा, मुळात ही पाइपलाइन जी आहे, ती गटाराच्या..."

"म्हणजे आधीच्यांनी घातली!" प्रवक्ते टाळी वाजवल्यासारखे ओरडले.

"आणि तुम्ही सहा वर्षं झोपा काढल्यात!" प्रवक्त्या कडाडल्या.

मग जे सुरू झालं ते थांबेचना. साहेब मधून मधून बोट वर करत, वर्गातल्या शहाण्या मुलासारखं. तासाभरात त्यांच्या वाट्याला अकरा सेकंद आले. बायकोनं घरी मोजले होते. आणि कार्यक्रम संपल्यावर बघतात तर प्रवक्ते आणि प्रवक्त्या बाहेरच्या सोफ्यावर बसून एकमेकांच्या मुलांच्या ॲडमिशनची चौकशी करतायत, विश्लेषक बशीतली शेवटची दोन बिस्किटं उचलतायत. "सर, छान बोललात," फोनवाली मुलगी म्हणाली. तिनं ऐकलं तरी होतं का, कोण जाणे.

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा साहेब चित्राशिवाय, चार वाक्यं पाठ करून गेले. दुसऱ्या वाक्याला जाहिरात लागली.

"नका जाऊ हो," बायको म्हणाली. "तिथं ऐकायला कोण येतं?"

"एकदा पूर्ण बोलू दिलं ना, की काम फत्ते. बघच तू."

तिसऱ्या वेळी गल्लीतले दोघे हॉस्पिटलमध्ये होते, त्यातली एक पाच वर्षांची मुलगी. साहेब सकाळी तिला बघून आले होते. आणि स्टुडिओत वाद चालला होता तो हॉस्पिटलमध्ये आधी कुठला नेता पोचला यावर. साहेबांनी तीनदा बोट वर केलं. चौथ्यांदा त्यांच्या डोक्यात सणक गेली. ते खुर्चीतून उठले, कॉलरचा माइक हातात आला, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज त्यांनी काढला.

"गप्प बसा! गप्प बसा सगळे! लाज वाटत नाही?"

स्टुडिओत क्षणभर चिडीचूप झालं. हीच वेळ होती. पण साहेबांना पुढचा शब्दच सुचेना. पाठ केलेली चार वाक्यं कुठल्या कुठं पळाली. ओठ नुसते हलत राहिले. आणि सूत्रसंचालक खुशीत म्हणाला, "पाहिलंत प्रेक्षकहो, हा आहे सामान्य माणसाचा संताप! घेऊया एक ब्रेक."

सकाळी उठेपर्यंत तो तुकडा शहरभर फिरला होता. कुणी त्याला ढोलकी जोडली, कुणी भांडखोर सासूच्या विनोदाला चिकटवला. विरोधी पक्षानं वर लिहिलं, 'माजी अधिकाऱ्याकडून सरकारचे वाभाडे'. सत्ताधाऱ्यांनी लिहिलं, 'विरोधकांच्या गोंधळाला ज्येष्ठ नागरिकाची चपराक'. साहेबांच्या मुलीचा परगावाहून फोन आला, "बाबा, माझ्या ऑफिसात सगळे बघतायत! तुम्ही फेमस झालात." साहेबांनी विचारलं, "त्यात पाइपचं काही आलंय का?" मुलगी म्हणाली, "पाइपचं? कुठल्या पाइपचं?"

बाजारात त्यांना नाव पडलं: गप्प बसा काका. केस कापणारा कात्री बाजूला ठेवून म्हणायचा, "काका, एकदा होऊन जाऊ दे." बँकेच्या रांगेत लोक फोटो काढून घ्यायचे. साहेब कसनुसं हसायचे आणि घरी येऊन बायकोवर उगाच चिडायचे.

इथवरही ठीक होतं. पण चौथ्या दिवशी तरुण अभियंत्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"सर, काय केलंत हे? फाइल सहीला टेबलावर आली होती. आता वरून विचारणा झालीय, यांना आतली माहिती कोण पुरवतं म्हणून. जो कोणी त्या फाइलला हात लावेल तो तुमचा माणूस ठरणार. आणि कृपा करून मला फोन करू नका काही दिवस."

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. आजवर ज्या एका फोनवर कामं होत होती, तो फोनच त्यांनी स्वतःच्या हातानं कापला होता. आणि मिळवलं काय, तर ढोलकी.

संध्याकाळी चावीवाला आला. त्याची बदली झाली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माहिती पुरवणारा तोच, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

"माझ्यामुळं झालं," साहेब म्हणाले.

चावीवाल्यानं चहाचा कप हातातल्या हातात फिरवला. तो रागावला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. "तुम्ही बोललात त्याचं काही नाही, साहेब," तो म्हणाला. "पण बोललातच, तर पाइपचं नाव तरी घ्यायचं होतं."

साहेब त्याला सोडायला दारापर्यंत गेले.

"आणि नवा माणूस चावी घट्ट बंद करतो," चावीवाला जाता जाता म्हणाला. "नियमाप्रमाणं. त्याची काय चूक?"

पुढच्या आठवड्यात गल्लीतले आणखी सात जण आजारी पडले. चॅनेलवाल्या मुलीचा पुन्हा फोन आला. या वेळी ती म्हणाली की साहेबांना सलग पाच मिनिटं देऊ, मध्ये कुणी बोलणार नाही, मात्र सुरुवात त्या डायलॉगनं करायची. साहेबांनी उत्तर न देता फोन ठेवला आणि चपला घालून थेट ऑफिस गाठलं.

ज्या दारातून ते एकतीस वर्षं ताठ मानेनं गेले, त्या दाराबाहेरच्या बाकावर त्यांना पावणेदोन तास बसवलं. शेवटी तरुण अभियंत्यानं आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"फाइल राहू दे," साहेब म्हणाले. "चावीवाल्याला परत आण. नाहीतर नव्या माणसाला सांग, पाव फेरा उघडी ठेव म्हणून. पोरं आजारी पडतायत रे."

"सर, मला का कळत नाही? पण मोठ्या साहेबांचं म्हणणं आहे, तुम्ही लेखी द्या. यापुढं कुठल्याही चॅनेलवर खात्याबद्दल बोलणार नाही म्हणून."

"लेखी? मी काय खोटं बोललो?"

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, सर. तीच तर पंचाईत आहे. काही मुद्दा मांडला असता, तर मी त्याला उत्तर तरी दिलं असतं."

उठून निघून जावं, असं एकवार साहेबांच्या मनात आलं. मग त्यांनी कागद मागितला. साडेतीन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. सवयीनं खाली हुद्दा लिहायला गेले आणि थांबले.

तीन आठवड्यांनी चावीवाला परत आला. पुढं दोन महिन्यांनी गल्लीत खोदकाम सुरू झालं. नव्वद मीटर नवा पाइप पडला आणि काम थांबलं. उरलेल्या दीडशे मीटरची मंजुरी वेगळी, असं कळलं. गल्लीच्या तोंडाला दोन फलक लागले, दोन्ही पक्षांचे, दोन्हींवर 'आमच्या पाठपुराव्याला यश'. चॅनेलवर यश नक्की कुणाचं यावर तासभर चर्चा झाली म्हणतात. साहेबांनी ती पाहिली नाही.

ते त्या दिवशी गल्लीत होते, बुजवलेल्या चरावरून पावलांनी अंतर मोजत. एका दारातून हॉस्पिटलात राहून आलेल्या त्या मुलीची आई बाहेर आली.

"काका, तुम्हीच ना ते टीव्हीवरचे? बरं ओरडलात त्यांच्यावर."

"नळाचं पाणी उकळून पिताय ना?"

"आता कशाला? नवीन पाइप टाकला की."

"अर्धाच टाकलाय, ताई. पुढं अजून जुनाच आहे. हे बघा," ते खाली वाकले आणि काडीनं मातीत रेघ ओढायला लागले. "हे गटार, आणि हा पाइप. पाणी बंद झालं की..."

आत कुकरची शिट्टी झाली. "आलेच हं," म्हणत ती घरात गेली. साहेब काडी हातात धरून तिथंच उकिडवे बसून राहिले. गुडघे दुखायला लागले तरी उठले नाहीत. ती पाच-सात मिनिटांनी बाहेर आली, पदराला हात पुसत, आणि समोर येऊन बसली.

"हां, सांगा," ती म्हणाली. "पाणी बंद झालं की काय?"