दुसऱ्या कडव्याआधीची बासरी

गाणं म्हणजे गायकाने मध्ये मध्ये लुडबुड केलेलं वाद्यसंगीत, असं मानणारा अख्ख्या मुलुंडमध्ये एकच माणूस आहे आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. भाओजींना शेकडो जुनी गाणी पाठ आहेत, पण शब्द एकाचेही येत नाहीत. गायक गात असतो तेव्हा ते शेजाऱ्याशी बोलतात, वडा संपवतात, चष्मा पुसतात. कडवं संपत आलं की मात्र त्यांची तर्जनी वर जाते. दोन कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पीस', सुरू झाला की आपण खोकायचंसुद्धा नाही. त्यांच्या मोबाइलची रिंगटोनही मेंडोलिनचा पीस आहे आणि तो पुरा झाल्याशिवाय ते फोन उचलत नाहीत. पलीकडच्याला तोवर नाही नाही ते वाटतं. ताई दोनदा भाजी तशीच टाकून बाजारातून धावत घरी आली आहे. स्वतःच्या मुलीच्या रिसेप्शनला डीजेने एक जुनं गाणं लावलं, तेव्हा पाहुणे सोडून ते त्याच्यापाशी गेले होते. "यातली मेंडोलिन कुठे टाकलीस?"

"अंकल, त्यावर बीट टाकलाय ना."

"बीट कोशिंबिरीत घालतात रे."

भाओजी पालिकेच्या पाणी खात्यात होते. लोखंडी गजाचं एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला लावून जमिनीखालची गळती शोधायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर तोच कान त्यांनी जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना लावला. इथल्या एका चार पानी साप्ताहिकात ते परीक्षण लिहितात. हाताने लिहून देतात, टाइप मी करतो. वादकाने एखादा पीस गाळला की ते लिहितात, 'खाल्ला'. 'सतार खाल्ली', 'व्हायोलिन अर्धं खाल्लं'. वादक या एका शब्दाला टरकून असतात.

गेल्या महिन्यात त्यांनी लिहिलं, 'दुसऱ्या कडव्याआधीची बासरी साफ खाल्ली. वादकाने आता घरी बसावे.' ते टाइप करता करता मी थांबलो. कार्यक्रमात मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. बासरी वाजली होती, पूर्ण वाजली होती, आणि इतकी उंच, इतकी नाजूक की मला भरून आलं होतं. भाओजी तेव्हा तर्जनी वर धरून बसले होते. ते ऐकताहेत असं मला वाटलं. खरं तर ते ती सुरू व्हायची वाट बघत होते. मग आठवलं, कुकरच्या शिट्ट्या हल्ली ताई त्यांना मोजायला सांगत नाही.

दोन दिवस मी मजकूर तसाच ठेवला. छापावं तर एका चांगल्या वादकावर खोटा आळ. सांगावं तर या माणसाचा कानच काढून घ्यायचा. मी तिसरा, भित्रा मार्ग काढला. ती दोन वाक्यं गुपचूप गाळून मजकूर पाठवून दिला. त्यांचं लिहिलेलं खोडायचा मला काय अधिकार होता, हे आजही कळत नाही.

शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. अंक मांडीवर होता, बोट ओळीवर.

"दोन वाक्यं कमी आहेत."

"जागा नसेल त्यांच्याकडे."

"खाली अर्धं पान गाद्यांची जाहिरात आहे. वाक्यं तू काढलीस?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "वाजली होती?"

"वाजली होती, भाओजी. मी आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी तुलाच बहिरा म्हटलं असतं." त्यांनी अंकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "कशी वाजवली?"

मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. तरी मी ती बासरी आठवून गुणगुणायला लागलो.

"जरा खालच्या पट्टीत घे," भाओजी म्हणाले. "वरचं मला पोचत नाही."

मी खाली उतरून पुन्हा सुरुवात केली. बेसूर होतंय हे मलाही कळत होतं. ते डोळे मिटून माझ्याकडे झुकले होते, आणि शेवटच्या सुरापर्यंत त्यांनी मला कुठेच अडवलं नाही.