जपानी गाडीला सोलापुरी गाठ

बसा, उठू नका. चहा पुन्हा टाकायला सांगितलाय. तो येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. फजिती कसली, वरात म्हणा! माणसाच्या हातून चुका होतात, पण त्या बहुतेक घरातल्या घरात मिटतात. माझी मात्र भोंगा वाजवत अक्कलकोटच्या वेशीतून आत गेली. हसताय काय? अजून सुरुवात कुठे केलीय!

त्या दिवसांत मी सोलापुरात मिलच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, होतो. शाळा चौथीपर्यंत, पण वाचनाचं वेड असं, की गुळाच्या पुडीचा कागदही सरळ करून वाचल्याशिवाय टाकत नसे. आमच्या खात्यात नुकतेच काही जपानी माग आले होते आणि खरं सांगतो, मी त्यांच्या प्रेमात पडलो होतो.

का पडू नये? आपला साधा माग कसा असतो? ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तरी हा बाबा खटाखटा चालूच! कापड बिघडतं आणि बोलणी आम्ही खातो. जपानी मागाचं तसं नाही. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लटकलेली. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपला आपण थांबतो. जणू म्हणतो, "जॉबर, माझं काहीतरी तुटलंय, बघ बाबा." म्हणून आमच्या खात्याचा नियमच होता. थांबलेला माग रेटायचा नाही. तुटलेला धागा शोधायचा, गाठ मारायची, मगच चालू करायचा.

आणि एके दिवशी वर्तमानपत्रात वाचलं, की हे माग करणाऱ्या जपानी कंपनीनं आता मोटारगाड्या करायला घेतल्यात!

झालं! मी मिळेल तिथून माहिती गोळा केली आणि भेटेल त्याला सांगत सुटलो. सुताराचा पोरगा, आई घरी मागावर राबायची, तिचे कष्ट बघून यानं माग सुधारायला घेतला. सुधारता सुधारता आपोआप थांबणाऱ्या मागापर्यंत पोचला. तो माग इतका नामी, की साऱ्या जगाला माग विकणाऱ्या विलायतेनं त्याचे हक्क विकत घेतले! मग त्याच्या मुलानं काय करावं? मागाच्या कारखान्यातच एका कोपऱ्यात परदेशी इंजिन खोलून बसला. एकेक भाग बघायचा, तसाच ओतायचा, फसायचा, पुन्हा ओतायचा. इथपर्यंत आलो की माझा गळा दाटून यायचा.

आमच्या मंडळींचा नाही.

"अवं, तुमी जपानी भावली आणली हुती. दुसऱ्या दिशी मुंडकं हातात आलं," बायको म्हणायची. "आता गाडीचं काय हातात येतंय, बगा."

मी तिला शांतपणे समजावायचो. समजावणं हा माझा स्वभावच आहे. तिथंच सगळं बिघडतं.

आता दत्तूकडे येऊ. दत्तू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गुणी, कष्टाळू, पण डोक्यावरचे केस फार लवकर निघून गेलेले. टोपी घातली की तिशीचा, काढली की पन्नाशीचा. जिथे जिथे मुलगी बघायला गेला, तिथे तिथे कुणीतरी म्हणायचं, "पाव्हणं, लई उकडतंय, टोपी काढा की!" आणि लग्न मोडायचं.

शेवटी अक्कलकोटचं स्थळ आलं. शिवलिंगअण्णा म्हणून घरचे माग असलेले गृहस्थ, त्यांची मुलगी. अण्णांचा निरोप आला, "जेवणाच्या आत या. तिसऱ्या प्रहरी वळसंगचं स्थळ येणार हाय. आदी येतील त्यांचं आदी बगू." दत्तू मला म्हणाला, "दाजी, हे फिसकटलं तर मी आता कुटं जायचा न्हाय." बायकोनं तर भावासाठी सोमवार धरलेले.

"आगगाडीनं जाऊ," बायको म्हणाली.

पण मी म्हणालो, छे! आमच्या ओळखीच्या सूतवाल्या शेठनी मुंबईहून मोटार आणली होती. काळी, चकचकीत, नाकावरचं नाव कुठेतरी पडून गेलेलं. शेठ सुताचे व्यापारी, जपानी सूत त्यांच्याकडे येतं, मग गाडी कुठली असणार? मागवाल्या कंपनीचीच! शेठना मी विचारलं का? विचारायचं कशाला, मला माहीत होतं ना! शेठनी भल्या मनानं दिवसभरासाठी गाडी दिली, आणि चालवायला हुसेनमियाँ दिले. हुसेनमियाँ गेल्या महिन्यापर्यंत टांगा हाकत होते.

निघालो. पुढे मी आणि हुसेनमियाँ, मागे दत्तू आणि बायको. सात रस्त्याच्या चौकाशी आल्यावर हुसेनमियाँनी गाडी हळू केली. "दाजी, पेट्रोल का डब्बा लेलूँ क्या?"

"हुसेनमियाँ, उशीर होईल. ही जपानी गाडी आहे. काही कमी पडलं, काही तुटलं, तर ती आपली आपण थांबून सांगेल."

"ऐसा क्या?" त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांच्या घोड्यानं असं कधी सांगितलं नव्हतं.

मागून दत्तू वाकून म्हणाला, "दाजी, हितं पितळंच्या पट्टीवर इंग्लंड लिवलंय की."

"अरे, ती व्यापाऱ्याची युक्ती. जपानी म्हटलं की लोक नाकं मुरडतात. म्हणून पाटी विलायतेची आणि पोट जपानचं!"

बघा, माणसाला देव किती संधी देतो! आणि मी एकेक संधी किती शांतपणे समजावून परत पाठवली.

वळसंग गेलं. ज्वारीची रानं मागे पळत होती, माझं तोंड चालूच होतं. सुताराचा पोरगा, आई, माग, विलायत. अक्कलकोट कोसभर राहिलं असेल, आणि गाडीनं दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि उभी राहिली.

"थांबली की!" दत्तू घाबरून म्हणाला.

"आपोआप थांबली!" मी आनंदानं ओरडलो. "बघितलंस? मी काय सांगत होतो?"

बायको म्हणाली, "अवं, थांबली ह्यात आनंद कसला?"

हुसेनमियाँ खाली उतरले, गाडीच्या नाकावरून हात फिरवला. "थक गई बिचारी. गरम हुई. पानी पिलाना पडता." आणि डबा घेऊन ते दूरच्या विहिरीकडे चालू लागले.

मी इंजिनाचं झाकण उघडलं. आता आम्ही सगळी माणसं मिलमधली. दत्तू विणकर, बायको लग्नाआधी सुताच्या कांड्या भरायची. आम्हाला कुणाला सांगावं लागतं का? थांबलेलं यंत्र रेटायचं नाही, तुटलेला धागा शोधायचा! तिघेही डोकी खुपसून धागा शोधायला लागलो. बायकोसुद्धा! एरवी भावली-भावली करणारी ती आता "हितं बगा, तितं बगा" करत होती.

तेवढ्यात मागून टांगा आला. आत फेटा बांधलेला तरणा मुलगा आणि चार पाहुणे.

"कुटं, अक्कलकोटला काय?" मी विचारलं.

"व्हय. पोरगी बगायला चाललोय, शिवलिंगअण्णांची. तिसऱ्या प्रहरी या म्हणले हुते, पन म्हनलं आदीच जावं!"

टांगा टपटपत पुढे गेला. फेट्याखाली दाट, काळेभोर केस होते हो त्या मुलाचे! दत्तू मटकन धोंड्यावर बसला. बायकोच्या डोळ्यांत पाणी.

"अवं, कायतरी करा! पोराचं वाटोळं झालं!"

जवळच्याच रानात एक शेतकरी बैलजोडी घेऊन उभा होता. बायको धावत गेली, हातापाया पडली. त्यानं बैल आणले, दोरानं गाडीला जुंपले. तोवर हुसेनमियाँ पाणी घेऊन आले. त्यांनी गाडीला पाणी पाजलं. काही फरक नाही. "अब बैलाँच खींचेंगे," म्हणत ते आत जाऊन स्टिअरिंगच्या चाकाशी बसले.

पण मी झाकणाखालून डोकं काढेन तर शपथ! आणि अखेर मला ते दिसलं. एका बाजूला एक तार लोंबकळत होती, टोक सुटलेलं. आणि तारेवर काय गुंडाळलेलं होतं माहीत आहे? सूत! विणलेलं, पक्कं, सुती आवरण!

"दत्त्या! सूत हाय रे सूत! मोटारीत सूत दुसरं कोण घालणार? मागवालेच! हाच तुटलेला धागा!"

दत्तू धावत आला. दुसरं टोकही सापडलं. मी दोन्ही टोकांचं सूत दातांनी सोललं आणि आमच्या विणाई खात्याची गाठ मारली. तीच ती, बारीक, घट्ट, मागाच्या फणीतून न अडता जाणारी. दातात धरून आवळली आणि...

पोंऽऽऽऽऽऽऽ!

अहो, तो भोंगा! असा ओरडला की मी टुणकन उडालो. आणि बैल? बैल उधळले! त्यांना वाटलं, मागे राक्षस लागला. ते भोंग्यापासून लांब पळायला बघायचे आणि भोंगा त्यांच्याच मागे बांधलेला. पळतील तेवढा तो मागे! दत्तूनं बायकोला आत ढकललं आणि स्वतः उडी घेतली. मी उघड्या झाकणाला लोंबकळलो. शेतकरी मागून "अरं माजी बैलं, माजी बैलं!" करत धावतोय.

"हुसेनमियाँ! भोंगा बंद करा!"

"कैसा करूँ? वो तार मैंच निकाला था, दाजी! भोंगा बंदच नै होता था!"

"मग सांगायचं नाही?"

"मैं पानी लाने गया था ना!"

मी गाठ सोडायला बोट लावलं तर अशी ठिणगी उडाली, की बोट आणि अक्कल दोन्ही झिणझिणली. पुढे तो टांगा दिसला. आमचा आवाज ऐकून घोड्यानं कान टवकारले, एकदा मागे बघितलं आणि टांग्यासकट थेट ज्वारीत घुसला. फेटा ज्वारीच्या एका ताटावर अडकून राहिलेला मी जाताना स्वतः पाहिला. बायको खिडकीतून ओरडली, "माफ करा हो!" पण ती मनापासून ओरडली असं मला वाटत नाही.

वेशीतून आत शिरलो तेव्हा दुकानदार फळ्या लावत होते, पोरं नाचत होती, कुत्री पाठीमागे. बैल बरोबर बाजारच्या हौदाशी जाऊन थांबले, आणि त्या हौदासमोरच शिवलिंगअण्णांचं घर! भोंगा हळूहळू बारीक होत गेला. पोंचा पीं झाला आणि रेडकासारखा एकदा कण्हून गप्प बसला.

दारात अण्णा उभे. धोतर, काळा कोट, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांच्या मागे दाराआड बांगड्या वाजत होत्या.

"कुटली गाडी ही?" अण्णांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

सांगा, आता गप्प बसावं की नाही? तोंडाला वंगण, टोपीवर धूळ, बोट झिणझिणतंय. पण मला कुणीतरी गाडी कुठली ते विचारलं होतं ना! मी झाकणावरून खाली उतरलो आणि सुरू झालो. सुताराचा पोरगा, आईचे कष्ट, आपोआप थांबणारा माग, विलायतेनं घेतलेले हक्क, मुलानं खोललेलं इंजिन. अण्णा हात बांधून ऐकत होते. बायको मागून माझा सदरा ओढत होती. मी सदरा सोडवून घेऊन पुढे बोललो.

"मग थांबली कशी?" अण्णा म्हणाले.

"तीच तर तिची खुबी! काहीतरी बिघडलं, म्हणून आपली आपण थांबली."

"पेट्रोल हाय का त्यात?"

हुसेनमियाँनी माझ्याकडे बघितलं. मी दत्तूकडे बघितलं. दत्तूला घाम फुटला, तो पुसायला त्यानं टोपी काढली.

"टोपी घाल!" बायको किंचाळली.

एक काठी टाकीत घालून बाहेर काढली. कोरडी ठणठणीत.

अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "पाव्हणं, हितल्या संस्थानच्या गाडीखान्यात अशाच दोन हुत्या. ही इंग्लंडची हाय. ह्यात जपानचं काय बी न्हाय."

"बरोबर है," हुसेनमियाँ म्हणाले. "शेठ भी वोच बोले थे. विलायत की है."

"अहो, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"आप इत्ता अच्छा बोल रै थे, दाजी!"

दाराआडून हसण्याचा असा लोट आला, की दार हललं. मुलगीच होती ती! हसून हसून खाली बसली होती. आतून आईचं कानडीत दटावणं चाललेलं आणि तीही हसतच दटावत होती.

आम्हाला आत नेलं, पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं. दत्तू खाली मान घालून बसला होता. बायको तोंडात पदराचा बोळा धरून देवाचं नाव घेत होती. अण्णा आत जाऊन मुलीशी बोलून बाहेर आले आणि आमच्यासमोर बसले. घसा खाकरला.

"पोरीनं पोराला बगितलं. टोपी काढलेली बी बगितली. तिची काय हरकत न्हाय. पोरगं कमी बोलतंय, हे तर लईच बरं." मग त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "पन एक इचारतो, राग मानू नका. घरान्याचं बगावं लागतं. हे जे गाडीवरून आलेलं पाव्हणं हायत... हे पोराच्या रक्तातलं, का सोयरिकीतलं?"

आमचं लग्न झाल्यापासून पुरुषांच्या बैठकीत कधी तोंड न उघडलेली माझी बायको ताडकन उभी राहिली.

"सोयरिकीतलं! निव्वळ सोयरिकीतलं! दत्तू माजा सख्खा भाऊ. हे नुसतं माजं मालक! ह्यांचा नि त्याचा रक्ताचा काडीचा संबंध न्हाय, देवाशप्पत!"

"मग जमलं," म्हणत अण्णांनी आत हाक दिली, "कुंकू आणा गं!"