डंकावर गोळी खाऊन

ज्यांना ॲलर्जी नाही त्यांनी ॲलर्जीवर बोलायचं नाही, असा कायदा पाहिजे. पहिली शिक्षा आमच्या सासूबाईंना झाली असती. जरा धूळ उडाली की माझे डोळे सुजायचे, नाक नळासारखं गळायचं, आणि त्यांचं आपलं एकच, "फ्रीजमधलं पाणी बंद कर."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षाची चटणी कुटायची, तर डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, पाठवलं कुणाला? मला!

"आत्ती, तिथं जीव जाईल माझा."

"जातोय कशाला? उलट नाक मोकळं हुईल की!"

डंकावर आपलं माणूस राखणीला लागतंच. नाहीतर ह्याचा डबा त्याच्या घरी. शिवाय ह्याच चटणीतून तिन्ही नणंदांचे डबे भरायचे होते, म्हणजे सासूबाईंची माहेरवाशिणींपुढची अब्रूच माझ्या हातात.

डॉक्टरांनी रात्री घ्यायला दिलेली गोळी मी शहाणपणा करून सकाळीच घेतली. शिंका थांबल्या. पाठोपाठ शुद्धही गेली. मुसळं धाडधाड आपटतायत, मिरचीचा खकाणा उडतोय, माणसं खोकून बेजार, आणि मी तोंडाला पदर बांधून बाकड्यावर गाढ!

"ओ वैनी, उठा की! चटणी झाली कवाच!" डंकवाला ओरडला तेव्हा एकच डबा उरला होता. तो उचलून घरी आले.

सासूबाईंनी चिमूटभर चाखली.

"ही आपली न्हाय."

"आपलीच हाय, आत्ती."

"मसाला मी भाजला का तू?"

परत धावले. डंकवाला म्हणाला, "तुमच्या शेजारी बसलेल्या बाई व्हय? त्या हातकणंगल्याच्या. गेल्या की एस.टी.नं."

नाव नाही, पत्ता नाही. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यापेक्षा त्यांनी फ्रीजवरून बोललेलं परवडलं असतं. शेवटी त्याच परक्या चटणीचे डबे भरून नणंदांकडे रवाना केले.

आठवड्याभरानं थोरल्या नणंदेचा फोन. ती इतक्या मोठ्यानं बोलते की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "आई, औंदा चटणी लई भारी झालीया! सासू पण मागून मागून खातीया. काय घातलंस काय?"

मी लाटणं हातात धरून दारात उभी. सासूबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"तीळ जरा जास्त भाजलं औंदा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि कुटताना जवळ बसावं लागतंय बाई, त्याशिवाय अशी हुईत न्हाय."

फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? नाक पूस."